निंबाची बाजू

देवीलालने सब्बल दोन्ही हातांनी उचलून तिसऱ्यांदा त्याच जागी हाणली. मुरूम खणकन वाजला. मग तो उकिडवा बसला, हातभर खोल खड्ड्यातली सगळी माती ओंजळीने बाहेर काढली आणि तीच माती पुन्हा आत भरून पायाने दाबली. खड्डा काठोकाठ भरला आणि वर दोन ओंजळी माती उरली.

"काय निघालं?" छत्री धरून उभ्या असलेल्या कमलाकरबाबूंनी विचारलं.

"माती उरली. म्हणजे जमीन चांगली हाये."

हे सांगताना देवीलालचा चेहरा पडला होता. माती कमी पडली असती तर नाही म्हणायला कारण मिळालं असतं, त्याला बरं वाटलं असतं. त्याच्या आज्याच्या काळी बंजाऱ्यांचा हा तांडा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचा, तेव्हा मुक्कामाची जागा अशीच पारखत. माती कमी पडली की जागा दगाबाज, तिथे बैल सोडायचे नाहीत. आता प्रश्न बैलांचा नव्हता, फुटबॉलचा होता. पण दगा तो दगाच.

पांढरकवड्याच्या फुटबॉल मंडळाचं जुनं मैदान बाजाराला लागून होतं. पावसाळ्यात तिथे वणीचे, मारेगावचे, यवतमाळचे संघ खेळायला येत. मैदानाच्या एका अंगाला गावातल्या मंडळींच्या खुर्च्या मांडलेल्या असत. समोरच्या अंगाला तीन निंबांखाली देवीलालच्या तांड्याची चाळीस-पन्नास माणसं बायकांसकट जमिनीवर बसत. ती निंबाची बाजू. तिथून असा गलका उठायचा की यवतमाळचा एक गोलकीपर म्हणे हातातला बॉल सोडून कानांवर हात ठेवून उभा राहिला होता. देवीलालला वर्षभराच्या कपाशीपेक्षा त्या चार महिन्यांची ओढ जास्त होती, आणि ही गोष्ट तो कुणापासून लपवत नसे.

पण मैदान आता रया गेलेलं होतं. पाणी तुंबायचं, बाजारची गुरं शिरायची. अर्धं गाव म्हणत होतं, तिथेच पक्की गॅलरी बांधा, सभोवार भिंत घाला. उरलेलं अर्धं म्हणत होतं, जमीनदार भगवानराव केळापूरच्या रस्त्याला सहा एकर जागा बक्षीस देतायत, मुकाट्याने तिकडे चला. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, म्हणजे साल बासष्ट. रंगपंचमीनंतरच्या रविवारी मंडळाची सभा होती. गावाची मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे. तांड्याचे मंडळात अकरा सभासद होते, आणि देवीलाल हात वर करील तेव्हाच ते हात वर करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कमलाकरबाबू तहशिलीतले हेडक्लार्क आणि मंडळाचे सेक्रेटरी. ते भर उन्हात सायकल मारत नवी जागा दाखवायला स्वतःहून आले होते.

ही नवी जागा तांड्यापासून हाकेच्या अंतरावर होती. देवीलालचा पहिला संशय तिथूनच सुरू झाला. कचेरीतला माणूस अख्खं मैदान उचलून तांड्याच्या दारात आणून ठेवतो, तो कायले?

कमलाकरबाबूंनी बगलेतली कागदाची गुंडाळी सोडायला घेतली. "हे नकाशे एकदा बघून घ्या. नव्या जागेचा आहे, जुन्याचाही आहे. जुन्यात काय होतंय की..."

"कागद राहू द्या बाबूजी. कागद तुमीच लिहिता अन् तुमीच वाचता. आपण तोंडाचं बोलू."

कमलाकरबाबूंनी गुंडाळी पुन्हा बगलेत धरली.

"इथं आलो त आमाले सावली पाह्यजे," देवीलाल म्हणाला. "तीन निंब."

"लावू की. तीन कशाला, पाच लावू."

देवीलालने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"तांड्याकडून वेगळं फाटक."

"ठेवू."

"आमच्या बाजूले तिकीट लागलं नाई पाह्यजे. कधीच."

"नाही लागणार. मी ठरावातच घालतो." आणि कमलाकरबाबूंनी खिशातून डायरी काढून पेन्सिलीने ते टिपूनही घेतलं.

आता देवीलालचं डोकं तापायला लागलं. तो भांडायला कंबर कसून आला होता आणि समोरचा माणूस हाताला लागेचना. मग त्याने, आपल्याही मते जरा अतीच, अशी एक अट फेकली.

"त्या पुऱ्या बाजूले एकबी खुर्ची मांडायची नाई. कलेक्टर आला तरी त्यानं खालीच बसायचं."

"कबूल," कमलाकरबाबू म्हणाले, आणि हसले.

"अन् याच्यात तुमाले काय पाह्यजे?"

"मला? मला काही नको."

झालं. देवीलालने सब्बल खांद्यावर टाकली, रामराम केला आणि तो तांड्याच्या वाटेला लागला.

आजा सांगायचा, व्यापारी जितका भांडेल तितका त्याचा माल खरा. जो पहिल्या बोलीलाच मान डोलावतो त्याच्या गोणीच्या तळाशी ओल असते. रेल्वे आली, रस्ते आले, बैलांवरची ओझी कधीच उतरली आणि तांडा शेती करू लागला. पण ही शिकवण काही उतरली नाही. देवीलाल बैल घ्यायला गेला आणि मालकाने त्याच्या बोलीला लगेच होकार दिला, तर तो बैलाचे दात पुन्हा मोजायचा.

घरी लालीबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. नवऱ्याचं तोंड पाहून तिने गोरबोलीत विचारलं, "कांई हूवो?"

त्याने सगळं सांगितलं. शेजारचा धावजी ऐकायला येऊन बसलाच होता. दोघांनी मिळून त्या होकाराची चिरफाड मांडली. भगवानरावांना आपल्या वावरात जायला तांड्यातून रस्ता पाहिजे असेल. मैदान मोजायच्या नावाखाली तांड्याचीही मोजणी होईल. वस्तीच उठवायची असेल. एकेक शक्यता आधीच्याहून वाईट निघत गेली, तसतसं दोघांना बरं वाटत गेलं.

"पाच निंब म्हणे!" धावजी म्हणाला. "मांगतले तीन अन् देऊन राह्यला पाच. दालमे कुछ काला हाये."

"नाई म्हटलं असतं त तुमी म्हटलं असतं, पाहा, आपल्याले काही देत नाई," लालीबाई तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "हो म्हटलं त चोर. त्या माणसानं बोलावं त काय बोलावं?"

"तुले बाजार नाई समजत," देवीलाल म्हणाला.

लालीबाई वीस वर्षं दर आठवड्याला बाजारात भाजी विकत होती. तिने भाकरी उलटली.

बाजाराच्या दिवशी देवीलाल अनंतराव वकिलांकडे गेला. जुन्या मैदानावर गॅलरी बांधायची कल्पना त्यांचीच. देवीलालने तिथेही त्याच अटी सांगितल्या.

"तीन निंब?" अनंतराव खुर्चीतून अर्धे उठले. "मग भिंत काय माझ्या घरातून नेऊ? एकही राहत नाही."

"मंग आमचे अकरा हातबी राह्यत नाई."

"देवीलाल, ही दादागिरी झाली."

"झाली त झाली."

फाटकाला अनंतरावांनी साफ नकार दिला. फुकट बसण्याला तर त्याहून साफ. तांड्याच्या माणसांना निम्मं तिकीट, याच्यापुढे ते तसूभर सरकेनात. देवीलाल चिडून उठला, ओट्याच्या पायऱ्या उतरला, जोड्यात पाय घातले, तेव्हा आतून हाक आली. तो परत आत गेला. दुसरा चहा आला. तासाभराच्या वादानंतर अनंतरावांनी कपाळाचा घाम पुसला आणि हात पुढे केला.

"एक निंब. एकच. तो तोडणार नाही, माझा शब्द. आणि निम्मं तिकीट. आता आणखी एक अक्षर काढलंस तर तुझे अकरा हात तुझ्यापाशी ठेव."

देवीलालने तो हात धरला आणि मनापासून हलवला. कमलाकरबाबूंनी देऊ केलं होतं त्याच्या पाव हिस्सासुद्धा पदरात पडलं नव्हतं. तरी घरी परतताना त्याला पिसासारखं हलकं वाटत होतं. उठून जाणं आणि मागून हाक येणं, याच्याशिवाय सौदा कसला? हा माणूस खरा.

रविवारी शाळेच्या हॉलात सभा भरली. दोन्ही नकाशे फळ्यावर टाचले होते आणि गावातली मंडळी माना वाकड्या करून ते पाहत होती. देवीलाल तिकडे फिरकला नाही. शब्द दिला होता, आता कागदात डोकं घालून करायचं काय? तो आपल्या दहा माणसांना घेऊन मागच्या बाकांवर बसला आणि सारा वेळ कमलाकरबाबूंवर डोळा ठेवून राहिला.

जुन्या मैदानासाठी हात वर करा म्हटल्यावर देवीलालने हात वर केला. पाठोपाठ दहा हात वर गेले. गलका झाला, कुणीतरी टाळ्या पिटल्या. अनंतराव येऊन देवीलालच्या पाठीवर थाप मारून गेले. तांड्याची माणसं निंब वाचवला म्हणून एकमेकांना टाळ्या देत पान खायला बाहेर पडली.

देवीलाल मागे रेंगाळला. ज्याचा डाव फसतो त्याला राग येतो, आणि रागात माणसाचं पोटातलं ओठावर येतं. ते त्याला पाहायचं होतं. पण कमलाकरबाबूंनी नुसता चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, ठराव लिहिला, त्यावर सही केली. मग ते फळ्याजवळ जाऊन नकाशांच्या टाचण्या काढू लागले. त्यांचे हात फार सावकाश चालले होते.

देवीलालला ते पाहवेना. तो जवळ गेला.

"याच्यात आमचा निंब कोठी हाये, बाबूजी?"

कमलाकरबाबूंनी एका बारक्या गोलावर बोट ठेवलं. "हा."

"अन् हे जाड रेघ?"

"भिंत."

देवीलाल वाकला. त्याने रेघेवरून स्वतःचं बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. गोल रेघेच्या पलीकडे होता.

"निंब भिंतीच्या बाहेर?"

"बाहेर. रस्त्यावर."

"अन् आमी बसतो ते जागा?"

"तिथे गॅलरी येते. नंबरी खुर्च्यांची. निम्म्या तिकिटाची वीस माणसं इथे, गोलच्या मागे, या कोपऱ्यात." त्यांनी कोपरा दाखवला. "बायकांची सोय नाही."

अनंतराव खोटं बोलले नव्हते. निंब तोडणार नव्हतेच. देवीलालने नकाशावरून नजर उचलली.

"तुमाले हे मालूम होतं."

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"त्या दिवशी सांगू लागलो, तर तुम्ही कागद नको म्हणालात. पुढे मीच म्हटलं, राहू द्या." कमलाकरबाबूंनी त्याच्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं?"

देवीलालने मानलं नसतं. जुन्या जागेत खोट काढतो म्हणजे नव्या जागेत याचं काहीतरी नक्की पुरलेलं आहे, असंच तो म्हणाला असता.

"अन् सगळ्याले हो-हो काहून म्हणत गेलते?"

"तुम्ही जास्तीचं काही मागतच नव्हता." ते नकाशा गुंडाळत होते, पण गुंडाळी तिरकी होत होती. "बारा वर्षं मी त्या खुर्च्यांवर बसून मॅच बघतो, देवीलालभाऊ. मला फुटबॉल कितीसा कळतो? समोर तुमची माणसं असतात, ती बघायला मी येतो."

देवीलालला लाज वाटली. इतकी, की या माणसाने दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याने त्या आनंदाने घेतल्या असत्या. बाहेर धावजी मोठमोठ्याने निंबाची गोष्ट कुणालातरी सांगत होता आणि माणसं हसत होती.

देवीलालने दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"बाबूजी, अकरा हात आपलेच हाये. मी आत्ता सगळ्याइले बोलावतो. पुन्हा हात वर करू. जमन?"

"नाही. सही झाली."

"मंग भिंतीले एक फाटक तरी. निंबाच्या अंगानं. लहानसं."

"नाही."

"फाटक नको. भिंतीच्या आत कोठीबी द्या. चाळीस माणसं हाये, बाया हाये, बसू आमी कसेबी चिपकून. जमिनीवर बसू."

"नाही, देवीलालभाऊ," कमलाकरबाबू म्हणाले. "नाही जमायचं आता."

देवीलाल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. हा माणूस त्याला पहिल्यांदाच नाही म्हणाला होता, आणि ते खरं आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.