कवड्याला विष नसतं

अतुलने छापून घेतलेल्या कार्डाचं नाव होतं ‘प्रवासात प्राणी ओळखा’. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेलं, म्हणजे पावसात भिजलं तरी चालेल आणि चहा सांडला तरी पुसता येईल. पुढे जनावरं आणि पक्षी, मागे साप. सापांची बाजू त्याने जीव ओतून केली होती. डावीकडे लाल चौकटीत विषारी, उजवीकडे हिरव्या चौकटीत बिनविषारी. लाल चौकटीत मण्यार होता आणि बरोबर त्याच्यासमोर, हिरव्या चौकटीत, कवड्या. दोघांचंही अंग काळपट, दोघांवरही पांढरे पट्टे. मण्यारचे पट्टे मानेकडे विरत गेलेले आणि शेपटीकडे दाट. कवड्याचे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट. फरक एवढाच. आणि एवढाच की एक चावला तर माणूस जातो, दुसरा चावला तर माणूस कामावर जातो.

शहापुरात अतुलला सगळे सर्पमित्र म्हणून ओळखत. वय सव्वीस, पकडलेले साप तीनशेच्या वर, चावलेले शून्य. त्याचा ‘साप ओळखा’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यावर लोक सायकलच्या ट्यूबचे, कमरेच्या पट्ट्याचे, एकदा तर न्हाणीघरातल्या केसांच्या गुंत्याचे फोटो टाकत आणि विचारत, विषारी का? एकाने सासऱ्याचा फोटो टाकला. अतुलने खाली लिहिलं, ‘विषारी. मारू नका, सर्पमित्राला बोलवा.’ ते उत्तर तीन तालुके फिरून परत त्याच्याकडेच आलं. तेव्हापासून लोक त्याच्याकडे माहिती विचारायला येत आणि गंमत ऐकून जात. माहिती बहुधा बरोबर असायची.

भाद्रपदातल्या त्या सकाळी तो पुण्याच्या आठ निवृत्त माणसांना घेऊन बपेऱ्याकडच्या जंगलात निघाला होता. गाडी भाड्याची, चालवायला भूषण. भूषणच्या घरी दोन पिढ्या हातमाग होते. तिसऱ्या पिढीने स्टिअरिंग धरलं होतं. पाहुण्यांच्या म्होरक्या मंजुषाताई, निवृत्त शिक्षिका. गळ्यात दुर्बीण, हातात कार्ड, आणि दिसलेल्या प्रत्येक प्राण्यासमोर त्या पेन्सिलीने बरोबरची खूण करत. मोबाइलमध्ये प्राणी ओळखणारं अॅपही होतं. त्याने भूषणच्या गळ्यातल्या दुपट्ट्याला अजगर म्हटलं होतं, तेव्हापासून ताई फक्त अतुलला विचारायच्या.

तुमसरला पाहुणे पोहे खात असताना फोन वाजला. नाकाडोंगरीहून प्रतिक्षा, त्याची मामेबहीण.

“दादा, बाबाले साप चावला.”

अतुलच्या हातातली बशी खाली गेली. “कोणता?”

“कवड्या.”

त्याने बशी परत उचलली. “पक्का कवड्या?”

“हो ना. बाबा खाली सतरंजीवर झोपले होते. पहाटे आईनं पाह्यला, मारला, अन मडक्याखाली झाकून ठेवला. कवड्याच हाय. गावातले म्हणून राहिले दवाखान्यात न्या, म्हणून म्हटलं आधी दादाले विचारू.”

“फोन स्पीकरवर टाक.” मग तो आपल्या कार्यक्रमाच्या आवाजात बोलला. “अवं, कवड्याले विष नसते! कवड्यानं माणसं मरती तं नाकाडोंगरीत मत द्यायले कोणी उरलं नसतं. मामा, कसं वाटते?”

डोमामामा मँगनीजच्या खाणीत पंचवीस वर्षं घालवलेला माणूस. आवाज खडीसारखा. “बरा हाय ना बापा. दुखत बी नाही, सुजलं बी नाही. मंग ड्युटीवर जाऊ का?”

“एक दिवस सुट्टी मारा. सापाचं कारण दरवेळेस नाही भेटत.”

तिकडे मामा हसला, मामी हसली, ओट्यावर जमलेले हसले. मग मामा म्हणाला, “पोट तेवढं दुखून राहिलं थोडं.”

“भेवानं दुखते मामा. चहा प्या अन झोपा. मामी, त्याईले झोपू द्या.”

कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात मण्यारच्या चाव्याची लक्षणं त्यानेच लिहिली होती : दुखत नाही, सूज नाही, मग पोटात कळ, मग पापण्या जड. पण ती मण्यारची लक्षणं होती. इथे विषय कवड्याचा होता.

तुमसरच्या पुढे रस्ते फुटतात. एक नाकाडोंगरीला, एक बपेऱ्याला. भूषणने गाडीचा वेग कमी केला. “जाऊन येऊ बे. मामा हाय तुया.”

“कवड्या हाय बे. संध्याकाळी जातो, तोवर ते पत्ते खेळत असतील.”

गाडी बपेऱ्याच्या रस्त्याला लागली. पुढच्या दोन तासांत ताईंनी कार्डावर नऊ खुणा केल्या. तलावावर पाणकावळा, बांधावर रोही म्हणजे नीलगाय, तारेवर नीलकंठ. अतुल रंगात आला होता. प्राण्याचं खरं नाव माहीत असणं म्हणजे अर्धा जीव वाचणं, असं तो मागे वळून म्हणाला, आणि आठही जणांनी मान डोलावली.

बपेऱ्याच्या अलीकडे चहाला थांबले. टपरी देवकाबाईची. वय तिचं तिलाही माहीत नव्हतं. ताईंचं कार्ड बाकावर पडलं होतं, ते तिने पदराने पुसलं आणि डोळ्यांशी धरलं.

“हा रोही,” ती म्हणाली. “हा कोल्हा. हे सायाळ.” मग कार्ड उलटं केलं आणि लाल चौकटीत बोट ठेवलं. “अन हा कवड्या.”

अतुल हसला. “नाही आजी. तो मण्यार.”

“मण्यार तं बाजारात बांगड्या विकते, बाबू.” पुण्याची मंडळी हसली. देवकाबाई हसली नाही. “हा कवड्या. अंगावर कवड्या ओवल्यासारखे पट्टे असते ना त्याच्या. माया दिराले ह्यानंच नेला. सकाळी चहा पेला, अन झोपला तो झोपलाच.”

अतुलने आपलं बोट हिरव्या चौकटीवर ठेवलं. “मंग हा, आजी? ह्याले काय म्हणता तुमी?”

“ह्याले काही नाही म्हणत.” तिने गाळणीतून चहा ओतला. “हा पाली खाते. मारत नाही त्याले नाव कोण देते?”

चहा न घेताच अतुल रस्त्यावर गेला. फोनला रेंज नव्हती. तो टपरीच्या मागे गेला, बांधावर चढला, मैलाच्या दगडावर उभा राहिला. तिथे रेंजची एक कांडी आली.

फोन धुरपतामामीने उचलला. “हळू बोल बाबू. झोपले.”

“उठवा.”

“तूच तं म्हटला झोपू द्या. प्रतिक्षा बी कॉलेजात गेली, तुयाशी बोलून जिवात जीव आला तिच्या.”

“मामी, त्याईले म्हणा डोळे उघडा.”

पलीकडून मामीची दबकी हाक ऐकू आली. मग, “नाही उघडून राहिले. डोळे मिटलेच हायेत, घोरून राहिले. बहुत गाढ लागली बापा.”

“आत्ता दवाखान्यात न्या! कोणाची बी गाडी घ्या. त्या कवड्याले विष हाय!”

“सकाळी तं नव्हतं.”

“मामी, तो दुसरा कवड्या. तुमचा कवड्या म्हणजे आमचा मण्यार—”

“मजाक नको करू,” मामी दबक्या आवाजात म्हणाली. “माणूस झोपला हाय.” आणि तिने फोन ठेवला. परत लावला तेव्हा कांडी गेली होती.

सव्वीस वर्षांत त्याने कोणाला एवढी सरळ गोष्ट सांगितली नव्हती. ती गंमत ठरली.

भूषणने गाडी तशीच उलटी फिरवली. पाहुण्यांना उतरवायला वेळ नव्हता आणि उतरवायचं तरी कुठे. तासाभराचा रस्ता होता. एकदा रस्त्यात मोरांचा थवा आला. भूषणने हॉर्नवर हात दाबून धरला. ताईंनी खूण केली नाही.

घर शांत होतं. सगळं गाव शांत राहिलं होतं, कारण मामीने ओट्यावरच्यांना सांगून ठेवलं होतं की माणूस झोपला आहे. डोमामामा सतरंजीवर उताणा, गळ्यापर्यंत चादर. मामी पुठ्ठ्याने माश्या उडवत होती. घोरणं थांबलं होतं. आता घशात नुसती बुडबुड. अतुल गुडघ्यावर बसला.

“मामा.”

पापणी हलली नाही. त्याने अंगठ्याने ती वर केली. आतला डोळा जागा होता. तो अतुलकडेच पाहत होता. मण्यारच्या विषाने माणूस बेशुद्ध होत नाही, नुसता बंद होतो. दार, खिडक्या, सगळं. आतला माणूस ऐकत असतो. हेही कार्डावर होतं, पण जागा कमी पडली म्हणून त्याने काढून टाकलं होतं.

भूषणने पाय धरले, अतुलने काखा. मामी मागून म्हणत होती, “अरे, चादर तं घ्या.” गाडीतल्या आठ माणसांनी दुर्बिणी बाजूला केल्या आणि मधली जागा मोकळी केली. मंजुषाताईंनी मामाचं डोकं मांडीवर घेतलं. जाताना कोणीतरी मडकं सापासकट उचललं होतं, तेही गाडीत आलं. आत साप. मानेकडे पट्टे विरलेले, शेपटीकडे दाट. कार्डावरच्यापेक्षा सुबक.

दवाखाना तिथून सायकलनेही पंधरा मिनिटं. गाडीने सहा. मामाचा श्वास चौथ्या मिनिटाला थांबला. ताई शाळेत शिकलेल्या पद्धतीने तोंडाने फुंकर भरत राहिल्या, तरी गाडी थांबेपर्यंत ओठ निळे झाले होते.

डॉक्टर धावत आले. “कोणता साप?”

मामी म्हणाली, “कवड्या.” अतुल म्हणाला, “मण्यार.” दोघं एकदम. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं, मग वाकून मामाची छाती दाबू लागले. बराच वेळ दाबली. मग घड्याळाकडे पाहिलं. सापाचं इंजेक्शन मागच्या कपाटात होतं. नर्सने काढून आणलं होतं ते तिने परत नेऊन ठेवलं.

पुण्याची मंडळी दुसऱ्या दिवशी परतली. चौथ्या दिवशी अतुलच्या फोनवर त्यांच्या सहलीचा अभिप्राय आला. बहुधा कोणीतरी तो आधीच, बपेऱ्याच्या वाटेवर, भरून ठेवला होता आणि पुण्याला पोचल्यावर कधीतरी तो आपोआप निघाला. मार्गदर्शकाचं वागणं : पाच तारे. प्राण्यांची ओळख : अचूक. पाच तारे.

मामाच्या पुण्यानुमोदनाला तो नाकाडोंगरीला गेला. पांढरे कपडे, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मामाचा नवा फोटो. वंदना झाली, माणसं बोलायला उठली. पहिल्यांदा शेजारचे आनंदराव.

“डोमाचा दिल कमजोर होता,” ते म्हणाले. “खाणीत काम केलेला माणूस, छातीत धूळ. अॅटॅक आला. अन योगायोग असा का त्याच दिवशी साप चावला. पण आपल्या अतुलनं सांगतलंच होतं का कवड्याले विष नसते.”

लोकांनी माना हलवल्या. पोस्टमार्टेमचा कागद अजून यायचा होता. त्याची कोणाला गरजही वाटत नव्हती.

“आधी आमी उगीच भेत होतो,” आनंदराव पुढे म्हणाले. “परवा माया घरात निघाला कवड्या. पह्यले असतं तं ठेचला असता. आता शेपटीले धरला अन गल्लीत सोडून देल्ला. पाप कायले घ्या? नातू बी हात लावून पाहून राहिला होता.”

इतकी वर्षं अतुल गावोगाव जाऊन सांगत होता, साप मारू नका. कोणी ऐकलं नव्हतं. आता एका गावाने ऐकलं होतं.

तो उठला. बोलायच्या आधी त्याने मामीकडे पाहिलं. मामीला अॅटॅकच हवा होता. चादर तिने टाकली होती, माश्या तिने उडवल्या होत्या, आवाज करू नका तिने सांगितलं होतं. अॅटॅक असला की या सगळ्याला प्रेम म्हणता येत होतं. तिने हलकेच मान हलवली, नको बाबू, अशी.

“मामाले अॅटॅक नाही आला,” अतुल म्हणाला. “मामा कवड्यानं गेले.”

कोणीतरी मागे हसलं, सवयीने. मग थांबलं.

“तुमचा कवड्या तो मण्यार हाय. पुस्तकात मण्यार लिहिते. मले पुस्तकातलं नाव माहीत होतं, तुमचं नव्हतं. मी एकदा बी विचारलो नाही का पट्टे मानीकडे हायेत का शेपटीकडे. पोट दुखते म्हटले मामा, तरी मी मजाक केलो. दवाखान्यात नेऊन राहिले होते तुमी, मी थांबवलो. तुमी बरोबर होते. कवड्या घरात दिसला तं दूर राहा. चावला तं दवाखान्यात पळा, मले फोन नका करू.”

आनंदराव खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी शेजारच्याला हळूच काही विचारलं आणि घाईघाईने घराकडे निघाले, नातवाच्या नावाने हाका मारत.

अतुलने खिशातून कार्ड काढलं. सोबत आणलेल्या मार्करने मण्यारच्या फोटोखाली मोठ्या अक्षरात ‘कवड्या’ लिहिलं. हिरव्या चौकटीतलं नाव खोडलं आणि तिथे काहीच लिहिलं नाही. मग ते मामीपुढे धरलं, दाराला लावायला.

मामीने कार्ड घेतलं नाही. ती आत गेली आणि घडी केलेली चादर घेऊन बाहेर आली.

“मंग मी त्याईच्या अंगावर ही टाकली,” ती म्हणाली, “तवा ते ऐकून राहिले होते?”

अतुलला हो म्हणायचं होतं, आणि नाहीही म्हणायचं होतं. गंमत एकही सुचली नाही.

“हो, मामी.”

तिने चादर त्याच्या हातात दिली. “घेऊन जाय,” ती म्हणाली. “तुई हाय ही.”