सदतिसावा अर्ज

मी एक सूचनापेटी बोलत आहे. आधी एक खुलासा करते. पुढची हकिगत बहुतांशी मी स्वतः अनुभवलेली आहे. निकाल मात्र मार्चमधल्या एका मंगळवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, ग्रंथपाल नीलिमाताईंच्या तोंडून ऐकला.

माझा जन्म भोसरीतल्या एका वर्कशॉपमधला. कोंडाजी नावाच्या कारागिराने उरलेल्या पत्र्यातून मला वाकवले आणि माझ्या फटीची धार कानशीने घासली. "कुणाचं बोट कापायला नको," एवढेच तो म्हणाला. तिथून मी काळेवाडीतल्या पालिकेच्या वाचनालयात आले आणि भिंतीवर टांगली गेले.

काय दिवस होते ते! सकाळी आठला पाने उलटल्याचा आवाज सुरू होई. रात्रपाळी करून आलेले कामगार डुलक्या घेत जाहिराती वाचत. वर्षभर माझ्या पोटात पंख्याच्या तक्रारी आणि बसची जुनी तिकिटे पडत. अर्थसंकल्पासाठी नागरिकांच्या सूचना मागवल्या जात, तेव्हा मात्र माझा मान वाढे.

त्या वर्षी प्रश्न अवघड होता. इमारत एकच आणि निधी एकाच कामापुरता. गळके छप्पर बदलून वाचनालय चालू ठेवायचे, की ते बंद करून तिथे दवाखाना उघडायचा?

हरिहरकाका एका कंपनीच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले. वाचनालय हेच त्यांचे दुसरे घर. त्यांनी निवेदन लिहिले आणि दारोदार फिरून दोनशे बारा सह्या गोळा केल्या. शेजारच्या आळीतल्या गोजाबाईंच्या पायाला साखरेमुळे जखम झालेली. काका सहीसाठी आले, तेव्हा त्या वाचनालयाच्या पायरीवर टेकल्या होत्या.

"व्हय ओ हरिहरभाऊ, तुमाला पेपर वाचाया छप्पर पायजे, आन् आमी पाय घिऊन कुटं जायाचं?"

"दवाखाना हवाच, गोजाबाई. पण वाचनालय बंद करून?"

"मग काय तुमच्या गच्चीत उघडायचा?"

आतले वाचक हसले. काकाही हसले.

"हसू नगा. दोन रिक्षा बदलून डिरेसिंगला जाती मी. एक दिस संगं चला, मंग मागा सही."

काका खरेच गेले. दुसऱ्या दिवशी नीलिमाताईंना म्हणाले, "पाच तास लागले. तिथे तिला बसायलासुद्धा जागा नव्हती." नंतर बराच वेळ त्यांनी पान उलटले नाही.

गोजाबाईंची सून मोनिका हिने आळीतल्या प्रत्येकाकडून वेगळा अर्ज भरून घेतला आणि मोठ्याने मोजत माझ्यात टाकला. छत्तीस. शेवटच्या दिवशी काकांनी आपले जाडजूड निवेदन दुमडून कसेबसे फटीतून आत सारले. थोड्या वेळाने आणखी एक पातळ कागद आत आला. मग मुदत संपली.

निकाल नीलिमाताईंनी काकांना माझ्यासमोरच सांगितला. दवाखान्यासाठी सदतीस सूचना, वाचनालयासाठी एक.

"एक? अहो, दोनशे बारा सह्या आहेत!"

"अर्ज एकच आहे ना, काका. जितके अर्ज, तितक्याच सूचना धरतात. फॉर्मच्या मागे छापलंय."

"आपण जन्मभर निवेदनं देत आलो, ताई. मागची बाजू कोण वाचतो?" काका खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "चला, गोजाबाईंच्या रिक्षा तरी वाचल्या."

आज इथे दवाखाना आहे आणि तो चांगला चालतो, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. गोजाबाई आता चालत येतात. सूचना हल्ली मोबाइलवरून जातात. मी ड्रेसिंगच्या खोलीत, पट्ट्यांचे रोल पोटात घेऊन फळीवर बसले आहे. काका पुन्हा कधी आले नाहीत. पुढे कधी सूचना मागवल्या गेल्या, तर प्रत्येकाने आपला अर्ज स्वतः भरावा, एवढीच माझी विनंती.

एका गोष्टीची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही. मोनिकाचे अर्ज छत्तीस होते. सदतिसावा, तो पातळ कागद, काकांनी टाकला असे मला वाटते. पण तेव्हा हॉलमध्ये आणखी चौघे होते. कागदावर नाव असणारच. इतकी वर्षे वाचनालयात काढूनही मला वाचता येत नाही.