माझ्या दारातलं पाणी

मित्रांनो, मी सव्वीस वर्षांची एक निळी मोटारगाडी. माणसांत हे वय तरुणपणाचं धरतात, आमच्यात पणजीचं. निळी म्हणते खरी, पण आता माझा नेमका रंग कुठला, ते बघणाऱ्यानंच ठरवावं. इंजिन मात्र अजून एका हाकेला उठतं आणि दारं अशी धप्पकन लागतात की नव्या गाड्यांनी तोंडात बोटं घालावीत. थोडी फुशारकी मारते आहे, चालवून घ्या.

एका लांबलचक कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. कुणी चाकं लावली, कुणी काचा बसवल्या, आणि एका बाईनं शेवटी माझ्या छतावरून फडकं फिरवलं. तिथून मी थेट एका नळवाल्याच्या घरी आले, ती आजतागायत तिथंच आहे. टपावर पाइप, डिकीत पाने आणि पकडी, अशी मी गावभर फिरले. कुणाच्या स्वयंपाकघरात तळं साचलं की लोक खिडकीतून आमची वाट बघायचे आणि मी वळणावर दिसले की "आली रे आली!" म्हणून ओरडायचे. मला वाटायचं, हे सगळं माझंच कौतुक आहे.

नळवाल्याची मोठी बहीण त्याच्याकडेच राहते. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. ताई शिवणकाम करते. तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि बुटक्या गाडीत बसलं तर उठवत नाही. माझी सीट मात्र उंच आहे आणि दार ऐसपैस उघडतं. ती आधी पाठमोरी टेकते, मग एकेक पाय उचलून आत घेते. दर बुधवारी आणि शनिवारी मी तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला शिवणवर्गाला न्यायचे. तिथं बारा जणी कात्र्या घेऊन तिची वाट बघत असतात. ते दोन दिवस सोडले तर ताईचं घराबाहेर पडणं नाहीच.

आणि मग मी गळायला लागले.

दोन वर्षांपूर्वी सुरू झालं हे. ताई बसते त्या बाजूचा, पायाखालचा गालिचा ओला व्हायला लागला. काचांवर आतून धुकं, सीटला बुरशी आणि वास तर विचारूच नका. मला स्वतःचीच शिसारी यायची! ताईला खोकला लागला. डॉक्टरांनी बजावलं, "या ओलीत बसायचं नाही."

नळवाल्याची किती पंचाईत झाली असेल बघा. गावभरची गळती बंद करणारा माणूस आणि त्याचीच गाडी गळते! शेजारी चेष्टा करायला टपलेलेच होते. तो इरेला पेटला. पुढच्या काचेभोवती फटी बुजवायचं सीलंट लावलं, टपाच्या पन्हळीत लावलं, दाराचं रबर नवंकोरं घातलं. मग काच बसवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. पण प्रत्येक पावसानंतर गालिचा आपला चिंब. मला ठाऊक होतं हो, पाणी कुठं आहे ते! पण मला देवानं दिलाय एक भोंगा. त्यानं काय डोंबल सांगणार?

शेवटी त्यानं हात टेकले. "ताई, शनिवारी भंगारवाला येतोय. मी शब्द दिलाय."

"आणि माझा वर्ग?"

"बघू काहीतरी."

"तुझं 'बघू' मला लहानपणापासून माहीत आहे," ताई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. त्या बुधवारी ती वर्गाला गेलीच नाही. मी अंगणात उभी होते. तिच्या मशीनचा आवाजही दिवसभर आला नाही. मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी मात्र ती काठी टेकत बाहेर आली. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात कापडावर खुणा करायचा खडू. "आजचा दिवस मला दे. ब्लाउज कुठं काचतोय हे कळल्याशिवाय मी शिवण उसवत नाही. तू मात्र दिसेल तिथं लिंपत सुटलास."

तिनं त्याला गालिचा उचकटायला लावला, खालचा पत्रा कोरडा पुसून घेतला आणि त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. पाणी आलं की पावडरीवर वाट उमटणार. मग ती स्वतः चालकाच्या जागेवर बसली आणि भाऊ बाहेर रबरी नळी घेऊन उभा राहिला.

"खालून सुरुवात कर. मी सांगितल्याशिवाय वर जायचं नाही."

"अगं, सरळ टपावर सोडतो की, एका मिनिटात कळेल."

"काही कळणार नाही. सगळीकडूनच ओघळेल. खालून म्हटलं ना!"

आधी माझ्या दाराखालच्या उंबऱ्यापाशी दहा मिनिटं. काही नाही. मग पुढची काच. तिथंही ठणठणीत कोरडं. "बघ, मी सांगत होतो, माझं काम पक्कं आहे," तो म्हणाला. ताईनं बॅटरीचा झोत पुन्हा पत्र्यावर फिरवला. मग बाजूच्या खिडकीची काच. बराच वेळ काहीच झालं नाही. आणि एकाएकी दाराच्या आतल्या पुठ्ठ्याखालून एक काळी रेघ पावडरीवर निघाली. ताईनं खडूनं झटकन खूण केली.

"दार उघड. आता हलव."

त्यानं दार हलवलं. माझ्या पोटातून आवाज आला, डुचुक, डुचुक.

नळवाला गुडघ्यावर बसला आणि त्यानं दाराची खालची कड पाहिली. तिथं पांढऱ्या सीलंटचे दोन ठिपके होते. गुळगुळीत, नीटनेटके, त्याच्या हातचे. त्याचे कान लाल झाले.

"ताई, हे मीच बुजवलंय. गालिचा भिजायच्या आधी एकदा दाराखालून पाणी ठिबकताना दिसलं, मला वाटलं पत्रा सडून भोक पडलं."

मित्रांनो, खिडकीची काच जिथून खाली जाते, तिथून थोडं पाणी प्रत्येक गाडीच्या दारात उतरतंच. म्हणून कारखान्यातच दाराच्या तळाला भोकं ठेवतात, आलेलं पाणी निघून जावं म्हणून. ती बंद झाल्यावर माझं दार हौदासारखं भरायचं आणि भरलं की आत सांडायचं.

"एवढी वर्षं पाण्याचं काम करतोस," ताई म्हणाली, "आणि त्याला जायला वाट लागते हे मी सांगायचं?"

"भोक दिसलं की माझा हात आपोआप बुजवायला जातो गं!"

ताई जी हसायला लागली, ती थांबेचना. मग त्यानं तिचा दाभण आणला आणि एक ठिपका खरवडला. काळं, घाण पाणी भस्सकन त्याच्या बुटात शिरलं. अहाहा! दोन वर्षांचं ओझं उतरलं माझं. त्यानं चारही दारं मोकळी केली, आतल्या पुठ्ठ्यामागचा, पाणी आत येऊ न देणारा पण फाटलेला प्लास्टिकचा कागद नव्यानं चिकटवला आणि गालिचा दोन दिवस उन्हात टाकला.

शनिवारी भंगारवाला आला. शेजारीही कुंपणापाशी जमले. "हीच ना ती गळकी? द्या किल्ली."

नळवाला जरा घुटमळला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माफ करा, गाडी द्यायची नाही. ती गळकी नव्हतीच. पाण्याची वाट मीच बुजवली होती."

शेजारी हसले. भंगारवाला हसला नाही. "माझ्या आवारात अशा ओल्या गाड्या बऱ्याच येतात," तो म्हणाला, "कुणी दाराखाली वाकून बघत नाही."

मित्रांनो, तेव्हापासून मला त्या गाड्यांची सारखी आठवण येते. माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूचं काही बिघडलं तर ती टाकायच्या आधी एक दिवस तिच्यापाशी बसा. ती बोलू शकत नाही, पण विचारलंत तर दाखवते. आणि आमच्या दाराखालची भोकं वर्षातून एकदा तरी काडीनं साफ करा.

मी मजेत आहे. त्याच शनिवारी ताई वर्गाला निघाली. पाठमोरी टेकली, एकेक पाय आत घेतला. मग वाकून गालिच्यावर हात फिरवला, चपला काढून हातात घेतल्या आणि सगळा रस्ता अनवाणी पाय माझ्या कोरड्या गालिच्यावर ठेवून बसली.