माझं एक वाक्य आणि निपाणीचं पाळणाघर

मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. एकवीस वर्षांपूर्वी दत्तजयंतीला ते व्रत घेतलं. रोज पहाटे तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, सोमवारचा उपास, ही व्रतं तर आईकडूनच आलेली. हे एक माझं स्वतःचं. चुकून एखादा वाकडा शब्द गेलाच, तर त्या संध्याकाळी जेवायचं नाही. लोकांनी त्याचा फार मोठा अर्थ करून ठेवला. कुणाचं लग्न जुळवायचं असलं, कुणाला भाडेकरू ठेवायचा असला, की माझ्याकडं यायचे. मी गप्प राहिले तर माणूस बरा, असं धरायचे. मला ते आवडायचं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

शाळेतून निवृत्त झाल्यावर 'ओंजळ'च्या मंडळींनी मला समितीत घेतलं. ओंजळ म्हणजे आमच्या बेळगावचा समाजनिधी. इथले व्यापारी, शिक्षक, पुण्या-बेंगळूरला गेलेली आपली माणसं वर्षाला जमेल ते देतात आणि आम्ही पाच जण बसून ते आसपासच्या लहान संस्थांना वाटून देतो. शहापुरात महादेव अण्णांच्या हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली आहे, तीच कचेरी. अर्ज येतात, त्यांची छाननी होते, मग समितीतला एक जण प्रत्यक्ष जाऊन काम बघून येतो. जो बघून येतो त्यानं बैठकीत बोलायचं, आणि मंजूर होवो की नामंजूर, त्या संस्थेच्या पत्रावर सही त्याचीच. अण्णांनीच हा नियम केला होता. "जो तोंड बघून आलाय त्यानंच तोंडावर सांगावं," म्हणायचे.

यंदा माझ्या वाट्याला दोन संस्था आल्या. सोबत नीलम होती. ही आमच्या कचेरीतली एकुलती एक पगारी मुलगी. कागद, फोन, गाडी, सगळं तीच बघते.

आधी निपाणीला गेलो. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळांसाठी तिथं एक पाळणाघर आहे. उपासना नावाची मुलगी ते चालवते. ती नर्स आहे, सकाळी दवाखान्यात नोकरी करून दुपारी इथं येते. सकाळचं तिची आई, शेवंताबाई बघतात. त्यांचं अर्धं आयुष्य वखारीत तंबाखू निवडण्यात गेलेलं. पत्र्याच्या दोन खोल्या. आढ्याच्या पाइपला अकरा झोळ्या टांगलेल्या, आणि प्रत्येक झोळी त्या त्या बाळाच्या आईच्या जुन्या लुगड्याची. "दुसऱ्या कापडात झोपत न्हाईत ओ, वास वळखतात," शेवंताबाई म्हणाल्या. दाराशी खुंट्यांची रांग. दुपारी बायका वखारीतून येतात, साडीवरून चढवलेला, तंबाखूनं भरलेला शर्ट खुंटीला अडकवतात, कोपरापर्यंत हात धुतात आणि मगच पोराला जवळ घेतात. मी असताना एक जण आली आणि घाईत तशीच झोळीकडं निघाली. शेवंताबाई ओरडल्या, "ए रेणुके! लेकराला तपकीर वडायला शिकवतीस व्हय गं?" सगळ्या हसल्या. ती बिचारी जीभ चावून मागं फिरली.

पाळणाघराला दोन बायकांचा पगार हवा होता आणि जागेचं भाडं. मालकानं दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. नाहीतर ही बाळं पुन्हा वखारीच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आडोशाला.

सगळं बघून झालं तेव्हा शेवंताबाईंनी घासलेल्या तांब्यातून पाणी आणलं.

"घ्या बाई. लांबनं आलाय."

मी म्हणाले, "नको. माझं चातुर्मासाचं व्रत आहे. बाहेरचं पाणी घेत नाही." पर्समधली माझी बाटलीही दाखवली.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. रागावल्या नाहीत, उलट हसल्याच. "व्हय व्हय. आमच्या लहानपणी बी लई जणांची व्रतं असायची. हिरीवर तर रोजच असायची."

"आये, गप गं," उपासना म्हणाली.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मी आल्याआल्याच बघितला होता. गाडीत बसल्यावर माझे कान तापले होते. एवढी मी शाळेत शिकवलेली, सगळ्या जातीच्या मुलांना पोटाशी धरलेली, आणि ही बाई मला असं बोलते? नीलमला काहीच बोलले नाही. नाव घेऊन निंदा करायची नाही ना.

तीन दिवसांनी खानापूर तालुक्यात गुंजीजवळच्या एका महिला मंडळाकडं गेलो. जुन्या जातीच्या भाताचं बियाणं जपणाऱ्या शेतकरी बायका. मडकी, कणग्या, प्रत्येकीवर गेरूनं नाव. कामाला नावं ठेवायला जागाच नाही. मंडळाच्या मालुबाई माझ्या आईच्या माहेरच्या ओळखीच्या निघाल्या. "आता तुमी पावनं न्हाई, घरच्याच की," म्हणत त्यांनी कोकमाचं सरबत हातात दिलं. मी प्यायले. वर अर्धा पेला आणखी घेतला.

परतताना नीलमनं विचारलं, "आक्काताई, व्रत?"

"कोकम फळ आहे गं. फळ चालतं."

नीलम खिडकीबाहेर बघायला लागली. त्या सरबतातलं पाणी गुंजीच्याच विहिरीचं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही.

बैठक गणपतीनंतरच्या आठवड्यात झाली. बाकीचे अर्ज मार्गी लागले आणि शेवटी एकाच संस्थेपुरती सोय उरली. निपाणी आणि गुंजी, दोघांचे गुण सारखे. हिशेब तपासणारी तेजस्वी म्हणाली, "कागद दोन्हीकडचे स्वच्छ आहेत. माझ्याकडून काही फरक निघत नाही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "मग आक्काताईच सांगतील. दोन्हीकडं त्याच गेल्यात. त्यांच्या जिभेवर खोटं येत न्हाय आणि वाईट तर त्याहून न्हाय."

मी म्हणाले, "काम दोन्हीकडं चांगलं आहे." तिथंच थांबायचं होतं. पण त्या तांब्याशेजारचं हसू डोळ्यांपुढं आलं आणि माझ्या तोंडून निघालं, अगदी हळू, "निपाणीची माणसं जरा टोचून बोलतात, एवढंच."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "आक्काताई असं म्हणतात म्हणजे आत कायतरी मोठं असणार."

"बरोबर," तेजस्वी म्हणाली. "वर्षभर अहवाल मागायचे, चौकशी करायची. आत्ताच टोचतात तर पुढं भांडतील."

दुसऱ्या कुणी हेच म्हटलं असतं तर कुणी ऐकलंही नसतं. आमच्या समितीतले लोक अर्जदारांना 'नग', 'कटकटे', काय वाटेल ते म्हणतात आणि शेवटी मदत देतात. माझं तसं नव्हतं. एकवीस वर्षं जपून ठेवलेल्या अब्रूचं वजन त्या चार शब्दांवर पडलं. काय टोचलं, कशावरून टोचलं, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मग तांब्याचं सांगावं लागलं असतं, आणि त्यानंतर कोकमाचं. नीलम कोपऱ्यात बसून टिपणं काढत होती. तिनं एकदा मान वर केली. मी पदर सारखा केला. गुंजीचं मंजूर झालं.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. देवापुढं बसून नेहमीसारखी क्षमा मागितली. एरवी उपाशी झोपलं की सकाळी मन हलकं होतं. या खेपेला पहाटे उठले तर पोटात भूक होती आणि बाकी सगळं जिथल्या तिथं. माझ्या न जेवण्यानं निपाणीच्या कुठल्या लेकराचं काय भलं झालं? देवानं तरी त्या उपाशीपणाचं काय करायचं?

चौथ्या दिवशी नीलम घरी आली. नामंजुरीचं पत्र टाइप करून आणलं होतं. कारणाची ओळ कोरी.

"आक्काताई, इथं कारण लिहायचंय. काय लिहू?"

"काय असतं नेहमी?"

"नेहमी असतं, कागद अपुरे, नाहीतर काम समाधानकारक नाही. इथं तसं काही नाही." तिनं पेनाचं टोपण काढलं. "'टोचून बोलतात' असं लिहू?"

मी तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. खरंच विचारत होती.

"तू होतीस की तिथं," मी म्हणाले.

"होते. दोन्हीकडं होते," नीलम म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही बैठकीत सांगाल."

मी तिच्यासमोरच अण्णांना फोन लावला.

"अण्णा, मी त्या दिवशी बोलले ते बोलायला नको होतं."

"कुठलं ओ?"

"टोचून बोलतात ते."

"मग टोचत न्हाईत?"

"टोचतात. पण..."

"मग खरंच की! खऱ्याला काय घाबरायचं?"

"अण्णा, चूक माझी होती. निपाणीचा निर्णय पुन्हा घेऊया."

"आवो आक्काताई, गुंजीला मी त्याच दिवशी फोन केला. त्यांनी देवीला नारळ बी फोडला. आता तो जोडून परत आणू व्हय? पुढल्या वर्षी बघू निपाणीचं. तुमचं मन लई हळवं."

पुढल्या वर्षी. झोळीतली बाळं पुढल्या वर्षी चालायला लागलेली असतील, वखारीतल्या पोत्यांमधून.

फोन ठेवल्यावर मी नीलमकडून कोरा कागद मागून घेतला. टाइप केलेलं पत्र बाजूला सारलं आणि हातानं लिहिलं:

'तुमच्या कामात काही उणं नाही. पाळणाघर मी स्वतः बघितलं, ते उत्तम चाललं आहे. तुमच्या घरचं पाणी मी नाकारलं आणि व्रताचं नाव पुढं केलं. तीन दिवसांनी दुसऱ्या गावी, आमच्या लोकांत, मी सरबत घेतलं. शेवंताबाई मला खरं तेच बोलल्या. ते मला लागलं, म्हणून समितीपुढं मी तुमच्याबद्दल वाईट बोलले. समितीनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून अर्ज नामंजूर केला. दोष माझा आहे.'

खाली पूर्ण नाव लिहून सही केली. नीलमनं वाचलं. "असंच पाठवू?"

"असंच."

तिनं कागदाची घडी घातली. जाताना पाया पडायला वाकली तेव्हा मी पाय मागं घेतले.

आठ दिवसांनी उपासनाचा फोन आला. मला वाटलं रागावेल. मनातल्या मनात तयारीही केली होती, शिव्या दिल्या तरी ऐकून घ्यायच्या. तिचा आवाज दवाखान्यातल्या नर्सचा, कामापुरता.

"मॅडम, पत्र मिळालं."

"उपासना, माझं फार..."

"ते असू दे. एक विचारायचं होतं. आम्ही आणखी तीन ठिकाणी अर्ज करतोय. तिथं विचारतात, याआधी कुठं नामंजूर झालं का, आणि का. तुमचं पत्र जोडलं तर चालेल?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं नाव राहणार त्यात," ती म्हणाली. "निपाणीत, बेळगावात, सगळीकडं वाचतील. आधी विचारावं म्हटलं."

तिनं विचारलं हेच मला जास्त लागलं. मी तिला विचारलं होतं का, तिच्याबद्दल बोलण्याआधी?

"जोडा," मी म्हणाले.

"मग तीन प्रती लागतील. झेरॉक्स घेत नाहीत, मूळ सही पाहिजे. आणि ओंजळचा शिक्का. शिक्क्याशिवाय कागदाला कोण विचारत नाही."

"देते. शेवंताबाई काय म्हणाल्या?"

पलीकडं एक बाळ रडत होतं. उपासना कुणाला तरी "त्याला उचल की" म्हणाली, मग माझ्याकडं वळली. "आईला वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ती झोळ्या बघायला उठली. मॅडम, शुक्रवारपर्यंत मिळतील ना?"

शहापुरात कचेरीत गेले. नीलमनं फायलीत ठेवलेली पत्राची प्रत अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि जिन्यात कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"आक्काताई, ह्याच्यावर शिक्का? लोक तुमाला काय म्हणतील? आमाला काय म्हणतील? घरातली गोष्ट हाय ही, कोण न्हाय करत असलं?"

"अण्णा, समितीत बोलले ते घरात बोलले नव्हते," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता. मला तो त्या दिवशी आवडला नाही.

अण्णांनी ड्रॉवर उघडून शिक्का टेबलावर ठेवला आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून खाली निघून गेले.

मी तिथंच बसून प्रती लिहायला घेतल्या. पहिली सरळ झाली. दुसरी लिहिताना 'तुमच्या घरचं पाणी मी नाकारलं' याच्यापुढं माझ्या हातानं आपसूक 'गैरसमजातून' असा शब्द घातला. शाई वाळायच्या आत तो माझ्या लक्षात आला. समोर नीलम बसली होती, पण तिला दिसला नसता. उपासनालाही कदाचित खटकला नसता.

मी तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागले.