सासूबाईंच्या नावावरचं काम

माझी कादंबरी रखडली आहे हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं, पण ती 'मॅनेज' होत नाहीये हा शोध माझ्या नणंदेने लावला. नणंद सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे दुसऱ्याने काम का केलं नाही हे विचारायचा तिला पगार मिळतो. प्रकाशकांनी मला शेवटची मुदत दिली होती. महिनाअखेरीस हस्तलिखित हाती आलं नाही, तर माझ्या जागी एका डॉक्टरांचं पाठदुखीवरचं पुस्तक छापायला जाणार होतं. हे कानावर पडताच नणंद लॅपटॉप घेऊन तडक आमच्याकडे आली आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसली.

"वहिनी, सगळं तुझ्या डोक्यात आहे. बोर्डवर काहीच नाही," ती म्हणाली.

कादंबरी डोक्यातच असते असा तोवर माझा समज होता.

तिने तिच्या ऑफिसातलं अ‍ॅप उघडलं. पडद्यावर तीन रकाने : करायचं, चालू, झालं. प्रत्येक प्रकरणाचं एक कार्ड, कार्डावर मुदत, आणि कार्ड ज्याच्या नावावर असेल त्याच्या फोनवर आठवण. लिहून झालेली प्रकरणंही तिने तिथेच जोडून टाकली. मग "टीम लागते" म्हणत मला, माझ्या नवऱ्याला, स्वतःला आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यात घेतलं.

"आईंना कशाला?" मी घाबरून विचारलं.

"वगळल्यासारखं वाटायला नको गं. ती फोनवर शब्दकोडी सोडवते, इकडे फिरकणारसुद्धा नाही."

खोटं कशाला बोलू, मला ते अ‍ॅप आवडलं. कादंबरी लिहिण्यापेक्षा तिची कार्डं करणं फार सोपं. 'नायिकेच्या खोलीचे पडदे ठरवणे' असं एक कार्ड केलं, पडदे निळे ठरवले आणि कार्ड 'झालं'मध्ये ढकललं. त्या आठवड्यात मी एक ओळ लिहिली नाही, पण प्रगतीची हिरवी पट्टी टुणटुणीत दिसत होती. नवरा ऑफिसात बसून प्रत्येक कार्डाला पसंतीचा अंगठा देत होता. पडद्यांनाही दिला. घरातले पडदे बदलू या म्हणून मी कधीची मागे लागले आहे, त्यावर मात्र हूं नाही की चूं नाही.

मग एक कार्ड अडलं. शेवटून दुसरं प्रकरण, 'म्हातारी जाते'. माझ्या कादंबरीत नायिकेची सासू आहे. खवचट, सतत खोकणारी, खोलीत माणूस बसलेलं असताना दिवा बंद करून जाणारी. ती मला कुठे सापडली हे सांगायची गरज नाही, आणि म्हणूनच सासूबाईंना मी आजवर एक पानही दाखवलं नव्हतं. म्हातारी गेल्याशिवाय कादंबरी संपत नव्हती आणि म्हातारी काही केल्या जात नव्हती. तिला आजारी पाडलं, तर खडखडीत बरी झाली. जिन्यावरून ढकलली, तर तिने कठडा धरला.

नणंदेचा फोन आला. "अडचण काय आहे?"

"मरत नाहीये."

"मुदत टाकलीस?"

"टाकली. गुरुवार."

"मग मी एक नियम लावून देते. काम जागचं हललं नाही, तर टीममध्ये जो मोकळा असेल त्याच्याकडे आपोआप जातं. माणसं बरोबर ताळ्यावर येतात."

टीममध्ये मोकळं कोण, हा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. नवऱ्याने अ‍ॅपमध्ये पहिल्या दिवसापासून स्वतःला 'कामात' करून ठेवलं होतं आणि नणंद तर जन्मल्यापासून कामात आहे. पण मी त्या वेळी पडद्यांच्या कापडाचं कार्ड करत होते.

मंगळवारी दुपारी सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, फोन हातभर लांब.

"अगं, हे बघ काय आलंय. 'आपल्यावर नवीन काम सोपवण्यात आले आहे. म्हातारी जाते. मुदत : गुरुवार, सायंकाळी पाच.'"

मी फोन काढून घ्यायला हात पुढे केला.

"गुरुवारी मला जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय. शुक्रवारी चालेल का विचार."

"आई, ते कादंबरीतलं आहे. चुकून आलं तुमच्याकडे."

"कळलं मला ते. सगळी प्रकरणं आहेत की त्यात. सकाळपासून तेच वाचतेय."

म्हणजे खोकला, दिवा, सगळंच वाचलं होतं. आम्ही दोघी भांडायचो, पण मनात काही धरून ठेवत नसू. आमचं छान चाललं होतं आणि ते मी माझ्या हाताने घालवलं, असं वाटून मला भयंकर वाईट वाटलं.

त्या समोर बसल्या. "दिव्याचं खरं आहे. पण तुम्ही भर दुपारी खिडकीशी बसून दिवा लावता, ते कुठे लिहिलंस?"

"लिहिते."

"आणि मी इतकी खोकते?" असं म्हणून त्या खोकल्या. "बरं, खोकते."

"राग आला ना तुम्हाला?"

"आला. चांगलाच आला. मग सुनेचं लिहिणं चालू आहे म्हणून म्हातारी पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावते, तिथे उतरला. तुझ्या लक्षात आहे होय ते?"

"आहे."

"मग मारत का नाहीस तिला? तो पाठदुखीवाला टपून बसलाय ना?"

मी कथानकाबद्दल काहीतरी सांगायला गेले, पण जमलं नाही. "लिहायला बसले की तुम्ही दिसता," मी म्हणाले. "मग रडू येतं आणि मी पडदे निवडत बसते."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ. "वेडी आहेस," त्या म्हणाल्या. मग खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढून त्यांनी फोनवर शब्दकोडं उघडलं.

"मी बसते इथे. मधूनमधून मान वर करून बघ, मी आहे. आणि लिही."

मी लिहू लागले. म्हातारीचा श्वास मंदावला तशी मी घाईघाईने वर पाहिलं. "आहे मी, चल पुढे," त्या कोड्यातून डोकं न काढता म्हणाल्या. सून म्हातारीचा हात हातात घेते तिथे मला अक्षरं दिसेनात, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला मुकाट्याने माझ्याकडे सरकवला. नवरा घरी आला, चहाचं विचारायला डोकावला, त्याला त्यांनी हातानेच परत पाठवलं. म्हातारी जाईपर्यंत सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.