टाचेची सावड

सगळ्यात आधी एक सांगते, माझ्या फिजिओथेरपीच्या मशीनमध्ये करंट नाही. शॉकवेव्ह म्हटलं की लोणावळ्यातला प्रत्येक पेशंट पलंगाची कड घट्ट धरतो. अरे बाबांनो, नुसते ठोके असतात ते! दुखऱ्या शिरेला ठोके देऊन जागं करायचं, मग शरीर आपली दुरुस्ती आपण करतं. फक्त त्याला उसंत द्यावी लागते. आणि उसंत म्हणजे काय हे मावळात एकाला जरी कळत असेल, तर मी तमन्ना नाव लावणार नाही.

औंढ्याची कोमल माझ्याकडे आली ती लंगडत. पोलीस भरतीची तयारी करत होती आणि टाचेमागची शीर जाड होऊन बसली होती. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचंच वर्ष, म्हणजे ही मैदानी चाचणी हुकली की संपलं. सोबत तिची आई, झुंबरबाई. पोरगी गप्प, बोलायचं सगळं आईनं.

"म्याडम, पळंल का ही?"

"पळेल, पण मी सांगते ते ऐकलं तर. सध्या पळायचं नाही, उड्या नाहीत, बर्फ नाही, मनानं दुखायची गोळी नाही. पायरीवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, एवढाच व्यायाम. आणि ठोक्यांनी जागा थोडा वेळ बधिर होते. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं समजू नका."

"न्हाई पळायची. शबूद दिला."

पहिल्या दोन खेपांना टाच छान वळणावर आली. तिसऱ्या खेपेला कोमल भिंत धरत आत आली. बोट लावलं तर किंचाळली.

"पळालीस ना?"

"नाही मॅडम, आईशप्पथ."

"उड्या मारल्यास?"

"नाही."

मग माझं लक्ष तिच्या पायाच्या नखांकडे गेलं. नखांत चिखल बसलेला.

"कोमल, भाताच्या आवणीला गेली होतीस?"

उत्तर झुंबरबाईंनी दिलं, तेही अगदी सहज. "व्हय. आमच्या आवणीला समदी आळी आलती. आता त्यांच्या खाचरात आमी जायला नको? सावड हाय ती. ज्या घरची जेवढी मानसं आली, तेवढी परत धाडायची. मारुतीआबाकडनं दोघी आलत्या, म्हंजी आमच्याकडनं बी दोघी. हिचा बाप मळवलीला बंगला राखतो, त्याला सुट्टी न्हाई. मग कोन जानार?"

"अहो मावशी, मी काय सांगितलं होतं?"

"तुमी पळू नको म्हनलात. आवणीला जाऊ नको कुटं म्हनलात?"

मी कपाळावर हात मारून घेतला. दिवसभर चिखलातून पाय उपटत वाकून रोपं लावायची, आणि ह्याला ही माणसं मेहनतच म्हणत नाहीत! वर म्हणे, ठोके दिल्यावर दुखतच नव्हतं, म्हणून धाडली. मी बधिरतेचं सांगितलं होतं ते बहुतेक भिंतीला.

"अजून कुणाकडे जायचंय?"

"मारुतीआबाचं ऱ्हायलंय. उद्या."

"उद्या ही जाणार नाही."

तेव्हा कोमलनं पहिल्यांदा नीट तोंड उघडलं. "मॅडम, नाही गेलं तर पुढच्या वर्षी आमच्या खाचरात कोण येईल? आई एकटी पडेल. भरती गेली तर गेली." आणि रडायला लागली.

माझं डोकंच फिरलं. "गेली तर गेली? मग उद्या तुझ्या जागी मी येते!"

रागाच्या भरात बोलून गेले हो. कुणी तरी "नको नको" म्हणेल की नाही! झुंबरबाई पिशवी उचलून म्हणाल्या, "बरं. सकाळच्याला लौकर या."

घरी अम्मी हसून हसून बेजार झाली. पण शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी क्लिनिकला कुलूप लावून मी औंढ्याला गेले. कोमलला बांधावरच्या दगडावर उभी केली, टाचेचा व्यायाम करायला, आणि मी चिखलात उतरले. कमरेचा काटा ढिला झाला. माझी रोपांची वाकडी ओळ बघून बायका तोंडाला पदर लावत होत्या. मारुतीआबांनी बांधावरून विचारलं, "ही कुना घरची?"

"आमच्या," झुंबरबाई मान वर न करता म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

त्यानंतर कोमलनं माझा एक शब्द मोडला नाही. ठोके पुरे झाले, हळूहळू पळणं सुरू झालं, आणि एकदाचं भरतीचं मैदान आलं. त्या दिवशी मी सारखा फोन बघत होते. एक निरोप नाही! दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडते तोच झुंबरबाई दारात, एकट्याच.

"कोमल?"

"पळाली. येळंत बसली. मागं वळून बगितलं न्हाई पोरीनं."

"आणि टाच?"

"टाचंचं नाव बी काढलं न्हाई."

मी खुर्चीत बसलेच. रडूही आलं आणि संतापही. "मग फोन करायला काय झालं होतं? माझा जीव टांगणीला!"

"फोन कशाला? यायचंच हुतं. तुमचा दिस फेडायचा हाय ना. आज मी हितंच."

मी हात जोडले, पाया पडते म्हणाले. ऐकतंय कोण! बाईंनी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि छताजवळची जळमटं काढायला लागल्या. डाव्या हातानं.

"मावशी, उजवा हात वर करा बघू."

"त्याचं काय न्हाई."

"करा म्हणते ना!"

हात छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकला. त्यांनी ओठ दाबून धरले.

"हे कधीपासून?"

"लय दिस झालं. पोरगी पळायला लागली त्याच्या बी आदीपासनं."

म्हणजे ह्याच हातानं आवणी केली होती. प्रत्येक खेपेला ही बाई माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून लेकीच्या टाचेकडे बघत होती, मशीनपासून हातभर अंतरावर.

"अहो, मग बोलायचं नाही का? इतक्यांदा आलात!"

"तुमी टाचंचं इचारलंत," झुंबरबाई म्हणाल्या, "खांद्याचं कुटं इचारलंत?"

मी त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला आणि स्टूल मशीनजवळ ओढलं.