नऊ सदतीसचं डाएट

नाहूरच्या प्रांजलची संकष्टी कॉलेजपासूनची. देवाला ठाऊक, घरच्यांना ठाऊक. ठाऊक नव्हती ती फक्त वांद्र्याच्या ऑफिसला. नोकरी नवी असताना शेजारच्या निमेशने पिझ्झा पुढे केला आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "नको रे, डाएट आहे." उपास म्हटलं तर सगळे काकूबाई म्हणतील, ही धास्ती.

झालं! बाप्पाचं डाएट झालं. साबुदाण्याची खिचडी जिन्यात उभ्याउभ्या गिळायची, पावलं वाजली की डबा पर्समध्ये. मग दिवसभर आंबट ढेकरा आणि डोकं ठणकणं. एरवी उपासाने कसं हलकं वाटायचं! आता नामस्मरण कमी, जिन्याकडे कान जास्त.

निमेशला मात्र डाएट भलतंच आवडलं. दर महिन्याला तिच्यासोबत तोही करू लागला.

"जेवायचं कधी?"

"आज नऊ सदतीसला."

"इतकं पक्कं?"

"ॲप सांगतं ना."

ॲप पंचांगाचं होतं, तेवढं सांगायचं राहिलं.

पुढच्या एका संकष्टीलाच ऑफिसात आरोग्य दिन आला. एचआरच्या भाविका मॅडमनी सगळ्यांसमोर तिच्या हातात माइक दिला. "तुझ्या डाएटचं सांग ना. निमेशपण किती नेमाने करतोय बघ!"

प्रांजलने माइक दोन्ही हातांनी धरला. जिन्यातलं खोटं बाप्पाने एकवेळ पोटात घातलं असतं. पण माइकवरचं, तेही आजच्या दिवशी? पोट कितीही मोठं असलं म्हणून काय झालं!

"डाएट नाही ते," ती हळूच म्हणाली. "संकष्टी असते माझी. चंद्र उगवला की जेवते."

निमेश उठून उभा राहिला. "म्हणजे नऊ सदतीस..."

"चंद्रोदय."

"आणि मी इतके महिने काळ्या कॉफीवर..."

"उपास केलास रे."

हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या भाविका मॅडम.

"माझी बा कधीची मागे लागलीये, एक तरी उपास कर म्हणून," निमेश कपाळाला हात लावत म्हणाला. "लेकाने केला हे तिला कळलं तर सोसायटीभर पेढे वाटेल! आणि तू? तूपण उपाशीच ना?"

"मी खिचडी खाते. जिन्यात."

"वाट लावलीस यार माझी! आण तो डबा."

त्या दुपारी प्रांजल पँट्रीत टेबलाशी बसून, घास चावून जेवली. अर्धी खिचडी निमेशने संपवली, तरी ढेकर आली ती तृप्तीची.

निघताना निमेशने विचारलं, "आज किती वाजता?"

"आठ बावन्न. आणि जेवायच्या आधी खिडकीतून बघ तरी एकदा. इतके महिने ज्याच्यासाठी थांबलास, त्याचं तोंड तरी बघशील!"